तीन पिसांची बाई

१

कापड खाली आलं तेव्हा टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे त्या थांबायला जरा वेळ लागला. सोनेरी चौकट स्टँडवर दिमाखात उभी होती. काच होती, काचेच्या आत क्रीम रंगाच्या पुठ्ठ्याची किनार होती, आणि किनारीच्या आत चित्र नव्हतं. नुसता पिवळट कोरेपणा.

"हे... असंच आहे का?" पाहुण्या हासेगावा-सान यांनी जपानीत हळूच विचारलं. मोजा घातलेल्या दोन बोटांच्या चिमटीत धरून कापड त्यांनीच ओढलं होतं. आधुनिक कला असेल, असं समजून त्यांनी आणखी दोन टाळ्याही वाजवल्या.

मग स्वरूपा किंचाळली.

कोतो वॉर्डातल्या तेहतीस मजली टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर पार्टी रूम आहे. जानेवारीतल्या त्या शनिवारी तिथे पूर्वतीर मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. पण साधं हळदीकुंकू करेल तर ती स्वरूपा कसली? मंडळाची अध्यक्ष, एकतिसाव्या मजल्यावरच्या ३१०४ची मालकीण, आणि खोलीतल्या निम्म्या बायकांच्या नवऱ्यांच्या साहेबाची बायको. तिने कुठलीशी परदेशी मालिका पाहिली आणि फर्मान काढलं: यंदाची थीम दोनशे वर्षांपूर्वीची लंडनची हाय सोसायटी. झालं. पुण्या-मुंबईच्या तीस बायका भाड्याने आणलेल्या झग्यांत, कंबर काखेपर्यंत चढवून, तिळगुळाच्या वड्या काट्या-चमच्याने खात होत्या. कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे घालून हळदीकुंकू लावता येत नाही, हे स्वरूपाला ऐन वेळी कळलं. मग उजवा मोजा काढून डाव्या हातात धरायचा आणि समोरच्या कपाळाला बोट लावायचं, असं तासभर चाललं. समोरचीही उलट तिला लावणार, मग तिनेही मोजा काढायचा. हा सगळा खेळ रेखाताई दाराशी उभ्या राहून बघत होत्या, आणि हसू आवरायला गालाच्या आतली बाजू चावत होत्या.

रेखाताई त्या टॉवरच्या ऑफिसात काम करत. मूळच्या पुण्याच्या, जपानात बारा वर्षं काढलेल्या, नवरा उल्हास कावासाकीला नोकरीला. इमारतीत भारतीय बिऱ्हाडं वाढली तसं कंपनीने त्यांना घेतलं, कारण कचऱ्याचे नियम मराठी-हिंदीतून समजावणारं आणि वेळ पडल्यास खडसावणारं कुणीतरी हवं होतं. तळमजल्यावरच्या कचराखोलीत त्यांचं राज्य चाले. जाळायचा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, पुठ्ठा बांधून वेगळा. नियम मोडला की पिशवीवर पिवळी चिठ्ठी: 'वर्गीकरण झालेलं नाही, परत न्या.' त्या शनिवारीही सकाळी आठला त्यांनी ३१०४च्या पिशवीवर चिठ्ठी डकवली होती. लांबडं खोकं, फुग्याचं प्लॅस्टिक, पिसं, चहाचा चोथा, सगळं एकात एक कोंबलेलं. गेल्या वर्षभरातली ती त्या घराची नववी चिठ्ठी होती.

त्यामुळे माणसं झग्यात गुंडाळली म्हणून रेखाताई दिपून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांना त्यांच्या पिशव्या ठाऊक होत्या.

"चोरी," स्वरूपा म्हणाली. "माझ्या घरातली वस्तू, माझ्या कार्यक्रमात." आणि तिने मान वळवून पँट्रीच्या दाराकडे पाहिलं. खोलीतल्या तीसही बायकांनी तिकडेच पाहिलं.

दारात सुहासिनी उभी होती, हातात वड्यांचं ताट घेऊन.

२

चित्राची गोष्ट आधी सांगायला हवी.

दोन आठवड्यांपूर्वी स्वरूपाने ते जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून आणलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, हाताने रंगवलेलं, खरोखरीच दोनशे वर्षांपूर्वीचं लंडनचं. मध्यभागी एक बाई, कंबर छातीला टेकलेली आणि डोक्यावर तीन पिसं, इतकी उंच की वरच्या झुंबराला लागून एक पीस पेटलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. शेजारी एक गृहस्थ, कॉलर कानांच्या वर, मान वळत नाही म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या कुत्र्यालाच अदबीने तपकीर देत होता. खाली वळणदार इंग्रजीत दोन ओळी. त्या कुणी वाचल्या नव्हत्या. मंडळात वाचायची फार घाई कुणाला नसते.

"काय एलिगन्स आहे बघा," स्वरूपा तेव्हा म्हणाली होती. रेखाताईंना मात्र त्या सगळ्यांत कुत्राच काय तो शहाणा वाटला होता. पण कुणी विचारलं नाही, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

आमंत्रणपत्रिकेवर तेच चित्र छापलं. स्वरूपाने मधल्या बाईसारखाच झगा शिवून घेतला आणि गुरुवारी रात्री ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला. डोक्यावर तशीच तीन पांढरी पिसं, हनुवटी तश्शीच वर. खाली एकोणपन्नास बायकांनी हृदयं पाठवली. शनिवारी फोटोनंतर हासेगावा-सान चित्राचं अनावरण करणार, आणि मग क्योतोहून मुद्दाम बोलावलेली अनघा त्यावर दहा मिनिटं बोलणार, असा बेत होता. अनघा तिकडे विद्यापीठात जुन्या छापील चित्रांवरच पीएचडी करत होती.

"फोटोला बाहेरच्या गच्चीवर जायच्या अगदी आधी मी स्वतः कापड उचलून बघितलं," स्वरूपा सांगत होती. "ह्या हाताने. चित्र होतं. दहा मिनिटं आपण सगळ्याजणी गच्चीवर. आत कोण होतं?"

आत सुहासिनी होती. तिला झगा नव्हता, साधी इरकल नेसून ती आली होती. ओबेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यातली सकाळची पाळी संपवून थेट. तिला पँट्रीत ठेवलं होतं, कारण स्वरूपाच्या शब्दांत "तिला सवय आहे ना." साताऱ्याला दहा वर्षं शाळेत शिकवलेली बाई. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली, पाच वर्षं डब्यांत भात भरला, रात्री जागून जपानीच्या परीक्षा दिल्या, आणि एप्रिलपासून टॉवरच्याच तळमजल्यावरच्या बालवाडीत तिला नोकरी लागणार होती. सहाय्यक शिक्षिका, पूर्णवेळ. नुसती सही व्हायची बाकी होती.

सगळ्यांसमोर तिची पिशवी उपडी केली गेली. त्यात कारखान्याचा ॲप्रन निघाला, केसांची जाळी आणि दोन भाताचे त्रिकोणी गोळे. कावासाकीच्या एका बाईने नाक मुरडलं.

"पिशवीत नसेल. दहा मिनिटांत माणूस खाली जाऊन येऊ शकतो," स्वरूपा म्हणाली. मग तिथेच उभ्या उभ्या तिने बालवाडीच्या मुख्याध्यापिका कोंदो-सान यांना मेसेज केला. ती पालक समितीवर होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कळवणं आपलं कर्तव्य आहे, असं तिने वाचूनही दाखवलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. मंगळवारी सकाळी दहाला निर्णय घेऊ, तोवर नेमणूक थांबवली आहे.

सुहासिनीच्या हातातलं ताट रेखाताईंनी हळूच काढून घेतलं.

"पोलिसांना बोलवायचं?" रेखाताईंनी विचारलं.

"नको नको, मंडळाचं नाव आहे," स्वरूपा घाईने म्हणाली. "चौकट द्या, मी वर नेते."

"चौकट नाही नेता येणार. सामाईक जागेतली घटना आहे. चौकशी संपेपर्यंत वस्तू ऑफिसच्या कपाटात राहते." असा नियम खरंच होता. तो सहसा कुणी पाळत नसे, पण त्या क्षणी रेखाताईंना तो फार आवडला.

चौकट काखोटीला मारून त्या निघाल्या. जाताना खाली पडलेलं पांढरं कापड उचललं. ते इमारतीचं होतं, धुलाईला पाठवताना डाग बघून सही करावी लागे. त्यांनी सवयीने उलटंपालटं करून पाहिलं. शुभ्र होतं. इस्त्रीची घडीसुद्धा धड होती.

३

"माझी नळी बघा आधी," अनघा म्हणाली. "म्हणजे मला मोकळेपणाने बोलता येईल."

रविवारची सकाळ. टॉवरच्या पाहुण्यांच्या खोलीत ती उतरली होती. तिशीची, चष्मेवाली, कपड्यांची इस्त्री तिने क्योतोलाच सोडलेली. कोपऱ्यात पोस्टर ठेवायची लांब नळी होती, आणि काल रात्रीपासून निम्म्या मंडळाचा संशय त्या नळीभोवती घोटाळत होता, कारण हे चित्र अभ्यासासाठी द्या म्हणून तिने दोनदा विनंती केली होती आणि स्वरूपाने दोन्ही वेळा "बघू" म्हटलं होतं.

नळीत तिचं स्वतःचं पोस्टर निघालं, दुसरं काही नाही.

"गच्चीवर तू फोटोत होतीस?"

"पहिल्या रांगेत. एका बाईचा फुगा माझ्या खांद्यावर होता." फुगा म्हणजे झग्याची बाही. "ताई, मला त्या चित्राला नुसता हात लावायचा होता हो. फोटोत काही कळत नाही. तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर दाबला की कागदावर चारी बाजूंनी कडा उमटते, कायमची. मागच्या बाजूनेही बोट फिरवलं तरी लागते. नक्कल ओळखायची ती पहिली खूण."

"अस्सं," रेखाताई म्हणाल्या. त्यांना कलेतलं फारसं कळत नव्हतं, पण कुठली वस्तू कशाची बनली आहे हे सांगणारी माणसं त्यांना आवडत.

"आणि तू काय बोलणार होतीस काल?"

अनघाने चष्मा काढून पुसला. "तेच तर. शुक्रवारी रात्री मी मंडळाच्या पत्त्यावर मेल केला होता. म्हटलं, आधी कल्पना द्यावी. उत्तर आलं नाही. मला वाटलं, चालतंय त्यांना."

"कसली कल्पना?"

"ताई, ते चित्र कौतुकाचं नाहीये." तिने चष्मा परत लावला. "ती टिंगल आहे. त्या काळी लंडनमध्ये अशी चित्रं दुकानांच्या काचेला लावायचे आणि रस्त्यावरचे लोक जमून पोट धरून हसायचे. ह्याच लोकांना, ह्याच कपड्यांना. आणि सगळ्यांत जास्त हसायचे ते तीन पिसांच्या बाईला."

४

मंडळाचा सचिव रविकांत बोलायला तयार नव्हता. तयार झाला तेव्हा बसायला तयार नव्हता. शेवटी टॉवरखालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, कॉफीच्या यंत्राशेजारी उभ्या उभ्या गाठ पडली. कालच्या उंच कॉलरने त्याच्या हनुवटीखाली लाल वळ उठला होता, आणि तो अजूनही सबंध अंगाने वळून बघत होता.

"माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यूअलला आहे, रेखाताई. साहेब स्वरूपा मॅडमचे मिस्टर. तुम्ही समजून घ्या."

"मी काही विचारलंय का अजून?"

"नाही."

"मग आता विचारते. फोटो काढताना तू आत आला होतास?"

"बॅटरी घ्यायला. दोन मिनिटं. पँट्रीत भांडी वाजत होती, सुहासिनी वहिनी कुणाशी तरी फोनवर जपानी बोलत होत्या. स्टँडवर कापड होतं, जसंच्या तसं. मी हात नाही लावला, आईशप्पथ."

"मंडळाचा मेल कोण बघतं?"

"मॅडम. पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. माझं फक्त नाव आहे खाली." हे सांगताना त्याला पहिल्यांदाच जरा वाईट वाटलेलं दिसलं. ह्या माणसाने आयुष्यात किती खुर्च्यांवर बसून फक्त नाव दिलं असेल, असं रेखाताईंच्या मनात आलं, आणि त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं.

"गच्चीवरचा फोटो पाठव मला. मोठा. ग्रुपवरचा नको."

फोटो आला. रेखाताईंनी तो ऑफिसच्या संगणकावर उघडला आणि मधल्या खुर्चीवर बसलेल्या स्वरूपापर्यंत मोठा केला. हसू, हिऱ्यांची कुडी, कालव्यावरून येणाऱ्या वाऱ्याने विस्कटलेले केस. डाव्या हातात पांढरा मोजा. उजवा हात मांडीवर, उघडा.

फोटोत एक गोष्ट असायला हवी होती ती नव्हती, आणि एक नसती तर स्वरूपाची गोष्ट खरी ठरली असती, ती ठसठशीत होती.

रेखाताई उठल्या आणि कचराखोलीत गेल्या. ३१०४ची पिशवी चिठ्ठीसकट कोपऱ्यात पडली होती. ती परत न्यायला अर्थातच कुणी आलं नव्हतं.

५

सोमवारी दुपारी सुहासिनी कालव्याकाठच्या बाकावर सापडली. कारखान्यातून परतताना सायकल तिथेच लावून बसली होती.

"मी कोंदो-सानना सांगून टाकते, मला नको नोकरी," ती म्हणाली. "निदान काढून टाकली असं तरी होणार नाही."

"तू चोरलंस का?"

"नाही, ताई."

"मग?"

"मग काय? काल आमच्या ह्यांना ऑफिसातल्या कुणी जेवायला बोलावलं नाही. आज कारखान्यातली नेत्रा मला म्हणाली, खरं सांग, कितीला विकलंस? हसत हसत म्हणाली. मला राग आला नाही, ताई, नुसती भीती वाटली. माझी मुलगी विचारते, आई, ममा-तोमो, त्या बाकीच्या मुलांच्या आया, तुझ्याशी का बोलत नाहीत? मी तिला काय सांगू?" तिने ओढणीने डोळे पुसले नाहीत, नुसती मान फिरवली. "त्या मुलाखतीत कोंदो-सान मला सेन्सेई म्हणाल्या होत्या. पाच वर्षांत मला कुणी बाई म्हणून हाक मारली नव्हती. शाळेत मारतात ना, बाई म्हणून, तशी."

रेखाताईंना राग फार सावकाश येत असे, पण आला की तो टिकाऊ असे. शनिवारपासून त्यांना गंमत वाटत होती. आता वाटेनाशी झाली.

"गच्चीवर फोटो चालू होता तेव्हा फोन कुणाचा होता?"

"कोंदो-सानचाच. युनिफॉर्मचा साइज विचारत होत्या. आठ-नऊ मिनिटं बोलल्या."

"हे तू शनिवारी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं?"

तेवढ्यात रेखाताईंचा फोन वाजला. स्वरूपा होती, शनिवारपासून चौथ्यांदा. "रेखाताई, चौकटीचं काय झालं? मला ती आजच्या आज हवी आहे. सेंटिमेंटल व्हॅल्यू आहे हो तिला."

"चित्राचं काही कळलं नाही अजून," रेखाताई म्हणाल्या.

"हो, ते कळेल हो. पण चौकट..."

रेखाताईंनी फोन ठेवला. दोनशे वर्षांचं चित्र गेलं, त्याची चौकशी एकदाही नाही. रिकाम्या चौकटीसाठी चार फोन.

त्या तडक ऑफिसात आल्या, कपाट उघडलं, चौकट टेबलावर पालथी घातली. मागच्या चार खिट्ट्यांपैकी दोन धड बसलेल्या नव्हत्या. त्यांनी त्या फिरवल्या, पाठीचा पुठ्ठा बोटभर उचलून आत डोकावलं आणि तो परत बसवला. मग ग्रुपवर मेसेज टाकला: चौकट अध्यक्षांच्या ताब्यात देण्यात येईल. साक्षीदार म्हणून शनिवारी हजर असलेल्यांनी संध्याकाळी सहाला पार्टी रूममध्ये यावं.

साक्षीदार व्हायला मंडळात कुणी नाही म्हणत नाही, तमाशा फुकट असेल तेव्हा तर नाहीच.

६

सहाला खोली भरली होती. झगे गेले होते, पण चेहरे तेच होते. स्वरूपा पुढच्या खुर्चीत, हातात मोठी कापडी पिशवी, चौकट न्यायला. अनघाने क्योतोची गाडी एक दिवस पुढे ढकलली होती. दाराजवळ कोंदो-सान बसल्या होत्या. रेखाताईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, आणि त्यांच्यासाठी रविकांत हळू आवाजात जपानीत सांगत होता. सुहासिनी पँट्रीच्या दारात उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही, म्हणून रेखाताईंनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"सही कुठे करायची?" स्वरूपाने विचारलं.

"सांगते. आधी एक विचारू? शनिवारी गच्चीवर जायच्या आधी तुम्ही कापड उचलून चित्र बघितलं. ह्या हाताने, असं म्हणालात."

"हो. सगळ्यांनी ऐकलंय."

रेखाताईंनी भिंतीवरच्या पडद्यावर फोटो लावला, मोठा करून. स्वरूपाचा उघडा उजवा हात चांगला टोपलीएवढा दिसला. बोटांची पेरं हळदीने पिवळी, वर कुंकवाचे लाल शिंतोडे.

"तासभर तीस कपाळांना हळदीकुंकू लावलेला हा हात. आणि हे कापड." त्यांनी पांढरं कापड टेबलावर पसरलं. "शनिवारपासून माझ्याकडे आहे, धुतलेलं नाही. ज्यांना डाग दिसेल त्यांनी हात वर करा."

बायका पुढे झुकल्या. इतर कशाचं नसलं तरी हळदीच्या डागाचं ज्ञान खोलीत प्रत्येकीला होतं. एकही हात वर गेला नाही.

"दुसऱ्या हाताने उचललं असेल," स्वरूपा म्हणाली.

"त्यात मोजा होता. बरं, तसंही असेल. मग दुसरं. गुरुवारी तुम्ही पिसं लावून फोटो टाकलात. शनिवारी डोक्यावर पिसं का नव्हती?"

आता कुजबुज झाली. खरंच की, नव्हती. तिळगुळाच्या आणि एकमेकींच्या झग्यांच्या भानगडीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रेखाताईंनी टेबलाखालून पिशवी काढली. पिवळ्या चिठ्ठीसकट. आतलं लांबडं खोकं आणि तीन पांढरीशुभ्र पिसं त्यांनी टेबलावर ठेवली. एका पिसाला चहाचा चोथा लागला होता.

"ही शनिवारी सकाळी आठला कचऱ्यात होती. कार्यक्रमाच्या सात तास आधी. इतक्या हौसेने मागवलेली पिसं बाई ऐन दिवशी सकाळी फेकते, म्हणजे आदल्या रात्री काहीतरी घडलंय. अनघा, तुझा मेल किती वाजता गेला?"

"शुक्रवारी रात्री पावणेदहाला."

"मी तो वाचलेला नाही," स्वरूपा म्हणाली.

"पिसांनी वाचला असेल मग."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"मी सांगते कसं झालं," रेखाताई म्हणाल्या. "शुक्रवारी रात्री कळलं की हे चित्र म्हणजे टिंगल आहे, आणि आपण हुबेहूब त्यातली बाई बनून चाललोय. पिसं फेकली. झगा फेकता आला नाही, दुसरा नव्हता. आमंत्रणं गेलेली, हासेगावा-सान येणार, अनघा माइकवर सगळं सांगणार. चित्रच नसेल तर बोलायला काही उरणार नाही. दुपारी एकला तुम्ही माझ्याकडून ह्या खोलीची किल्ली घेतलीत. तीनपर्यंत इथे एकट्या होतात. हळदीकुंकू त्यानंतर सुरू झालं, म्हणून कापड स्वच्छ. चार वाजता चित्र जागेवर होतं ह्याला पुरावा एकच, तुमचा शब्द. आणि सुहासिनी त्या दहा मिनिटांत काय करत होती ते मी नाही, कोंदो-सान सांगतील."

रविकांतने विचारलं. कोंदो-साननी फोन काढून वेळ दाखवली आणि जपानीत म्हणाल्या, "माझ्याशी बोलत होत्या. चार वाजून चार मिनिटांपासून तेरा मिनिटांपर्यंत. मी हे शनिवारीच सांगितलं असतं. वेळ कुणी कळवलीच नाही मला."

"हे सगळे तर्क आहेत," स्वरूपाचा आवाज चिरकला. "माझ्या घराची झडती घ्या. चित्र सापडलं तर बोला."

"घरात कशाला सापडेल? तुम्ही चार वेळा फोन करून जे मागितलंत, तेच देते तुम्हाला." रेखाताईंनी चौकट टेबलावर पालथी ठेवली. "अनघा, तुझी बोटं स्वच्छ आहेत ना? उघड."

अनघाने चार खिट्ट्या फिरवल्या. पाठीचा पुठ्ठा उचलला. आणि ती जागच्या जागी थांबली.

तीन पिसांची बाई छताकडे बघत होती. पेटलेल्या पिसाचा लाल रंग कालच लावल्यासारखा ताजा होता.

"उलटं लावलं होतं," अनघा म्हणाली. "पाठ बाहेर. आपण सगळ्या कोऱ्या पाठीकडे बघत होतो." तिने कडेवरून बोट फिरवलं. "कडा आहे. ताई, अस्सल आहे."

"तूच सांगितलंस, मागूनही लागते. काचेतून दिसतही होती, नीट बघितलं असतं तर. पण कोरं दिसलं की आपल्याकडे कुणी नीट बघत नाही."

मग अनघाने, कुणी न सांगता, खालच्या दोन ओळी मराठीतून वाचल्या: "कंबर शिंपी सांभाळेल, केस न्हावी सांभाळेल. आत कुणी आहे का, हे मात्र कुणीतरी हाक मारून बघा."

आणि तेव्हा बायका उठल्या, टेबलाभोवती जमल्या आणि हसायला लागल्या. ही थेट कावासाकीची अश्लेषा, असं कुणी म्हणालं. हा कॉलरवाला आपला रविकांत. ती मागची जाडी कोण ते आम्ही नाही सांगत. गुरुवारी हृदयं पाठवणाऱ्या एकोणपन्नासांतली इथे आलेली प्रत्येकजण दुसरीचा चेहरा त्यात शोधत होती, आणि प्रत्येकीला सापडत होता. स्वतःचा कुणालाच सापडला नाही. दोन दिवस सुहासिनीशी न बोललेल्या दोघी-तिघी आता तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, आम्हाला वाटतच होतं बाई. रेखाताईंना स्वरूपापेक्षा त्या क्षणी ह्यांचीच जास्त किळस आली.

"जरा गैरसमज झाला," स्वरूपा म्हणाली. पिशवीच्या बंदांना तिने घट्ट पिळे घातले होते. "सुहासिनी, मी ग्रुपवर टाकते तसं. गैरसमज दूर झाला म्हणून."

सुहासिनी खुर्चीवरून उठली. शनिवारपासून ती पहिल्यांदाच सरळ उभी राहिलेली दिसली.

"गैरसमज लिहायचं नाही," ती म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. "मी खोटं बोलले, असं लिहा. पूर्णविराम द्या. मग तेच कोंदो-सानना जपानीत लिहा. चुकलं तर मी तपासून देते."

स्वरूपाने सगळ्यांकडे पाहिलं. निम्म्या नवऱ्यांच्या साहेबाची बायको होती ती, कुणीतरी मध्ये पडेल असं तिला वाटलं असावं. कुणी पडलं नाही. तिने लिहिलं. तीस फोन एकदम वाजले.

निघताना ती टेबलाशी घुटमळली. चौकट उचलली नाही. पिसांकडे बोट करून, आवाज शक्य तितका सहज ठेवून तिने विचारलं, "ही... कशात टाकायची असतात?"

"जाळायच्या कचऱ्यात," रेखाताई म्हणाल्या. "खोकं बांधून वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. बारा भाषांत लावलंय खाली."

"टाकू नका," सुहासिनी म्हणाली. "द्या इकडे. लागतील."

मंगळवारी सकाळी दहाला सही झाली. चित्र वसंतात अनघाकडे क्योतोला गेलं, अभ्यासासाठी. स्वरूपाने ते देऊन टाकलं, आणि "मंडळातर्फे भेट" असं छापायला सांगायला विसरली नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी रेखाताई कचराखोलीला कुलूप लावत होत्या तेव्हा बालवाडीचं दार उघडलं. तीन वर्षांची अकरा पोरं दोरीला धरून कालव्यावर फिरायला निघाली होती, पुढे सुहासिनी. पहिल्या तिघींच्या टोप्यांवर एकेक पांढरं पीस डुलत होतं. त्यातल्या एकावरचा चहाचा डाग धुऊनही गेला नव्हता.

"रेखा-सान, ओहायो गोझाइमास," पहिल्या पीसवालीने ओरडून सकाळचा नमस्कार घातला आणि ती पीस पडेल इतकी वाकली. मागून दहा आवाज उठले.

एकतिसाव्या मजल्यासमोर रेखाताईंची मान आजवर कधी नियमापेक्षा जास्त लवली नव्हती. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि त्या अकराजणांना कमरेतून वाकून नमस्कार केला.